मागची बाजू

तो दारात आला तेव्हा आरोग्य केंद्राच्या बाकावर बीपीचे चौदा पेशंट होते. सिस्टरनी वर न बघताच त्याला पंधरावा धरलं.

"बसा. बाही वर करा."

"अहो, मी—"

"बोलू नका. बोललं की वाढतं."

पट्टा आवळला, सैल झाला. एकशे अठ्ठेचाळीस. या वयात! आता मात्र सिस्टरनी मान वर केली. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, मांडीवर गठ्ठाभर कागद आणि चेहऱ्यावर भांबावलेलं हसू.

"मी संशोधक आहे," तो म्हणाला.

"असाल. पण मीठ कमी करा."

त्याचं काम सरळ होतं. लहान आरोग्य केंद्रातली माणसं संशोधनात कितपत भाग घेतात, त्यांना त्यासाठी वेळ मिळतो का, कुणी शिकवतं का, हे त्याला शोधायचं होतं. केंद्रात माणसं अकरा, म्हणून फॉर्मही अकरा, नाव न लिहिता भरायचे. शिवाय इथल्या एकाला वर्षभराचं प्रशिक्षण मिळणार होतं, स्वतःचा छोटासा अभ्यास करायला.

हे ऐकून सिस्टरनी कान टवकारले. त्यांच्या खणात एक निळी वही होती. बीपीच्या गोळ्या कोण मध्येच सोडतं आणि का, हे त्या चार वर्षं त्यात टिपत होत्या. 'बरं वाटलं म्हणून.' 'नवऱ्याला दिल्या.' 'सुनेला कळू नये म्हणून.' याच्या मुळाशी जायचं त्यांच्या फार मनात होतं. पण त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

केंद्राची रीत अशी, की कसलाही कागद आला की तो सिस्टरच्या टेबलावर. औषधं देणारे भाऊ, लॅबवाला, ड्रायव्हर, सगळे एका सुरात म्हणाले, "तुम्हीच भरा हो, तुमच्या तर डाव्या हातचा मळ!" सिस्टरनी दोन दुपारच्या सुट्टीत, तीन पेनं बदलून, दहा जणांच्या खुणा ठोकून दिल्या आणि पाकीट चिकटवलं. अकरावा फॉर्म स्वतःचा. तो भरताना पंख्याच्या वाऱ्यानं शेवटचं पान उलटलं, आणि मागच्या बाजूलाही एक प्रश्न दिसला. 'तुमच्या कामातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला स्वतः शोधावंसं वाटतं?'

तिथे मात्र त्यांनी निळ्या वहीबद्दल अर्धं पान मनापासून लिहिलं.

मग तो दर मंगळवारी मुलाखतींना येऊ लागला. आला की न सांगता बाही वर करायचा.

"घरी मोजलं तर एकशे वीस येतं," एकदा तो म्हणाला. "इथेच वाढतं."

"दवाखान्यात काहींचं वाढतंच."

"दवाखान्यात... की याच खोलीत?"

"पुन्हा मोजते," सिस्टर म्हणाल्या, आणि कानाला स्टेथोस्कोप लावूनही त्यांनाच काही ऐकू येईना. दारात फरशी पुसणाऱ्या मावशी खोकल्या. खोकला त्यांना नव्हताच.

चौथ्या मंगळवारी तो घाईघाईनं आत आला. "सिस्टर, दहा जणांनी मागची बाजू कोरीच ठेवलीय. पण एकानं काय लिहिलंय! आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, प्रशिक्षणाला हेच माणूस हवं. कोण असेल हो?"

'मी' एवढंच म्हटलं असतं तर जागा त्यांची होती. पण हा माणूस त्या कागदांवर विश्वास ठेवून वर्षभर आकडे मांडत बसणार होता.

"ते मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि बाकीचे दहाही मीच भरलेत."

त्यानं हातातले कागद टेबलावर ठेवले. "पण मी मॅडमना सांगितलं... हेच सगळ्यात चांगलं केंद्र म्हणून."

"चुकलं माझं."

त्यानं कागद गोळा केले आणि बाही वर न करताच निघून गेला. पुढचा मंगळवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. सिस्टरना वाईट जागेचं वाटत होतं, आणि त्याहून जास्त त्या रिकाम्या खुर्चीचं. पण रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कोरे फॉर्म मागवून त्यांनी दहाही जणांना एकेक करून समोर बसवलं आणि पेन हातात दिलं. ड्रायव्हरनं तर मागची बाजू भरून वर जादा कागद मागितला! गठ्ठा पोस्टानं गेला.

तिसऱ्या मंगळवारी तो आला. हातात कागदांचा गठ्ठा नव्हता.

"नवे फॉर्म पोचले. मॅडमनी तुमची वही मागवलीय. निवड त्याच करतील. या केंद्राच्या कामातून मी माझं नाव काढून घेतलंय."

"माझ्यामुळे?"

"हो. पण फॉर्ममुळे नाही." त्याचे कान लाल झाले. "जिची उत्तरं तपासायची तिच्यात जीव अडकला, तर संशोधकानं बाजूला व्हावं. आता जागा मिळाली तर ती वहीमुळे मिळेल... आणि मला विचारायला मोकळीक."

त्यानं घडी केलेला एक कागद पुढे ठेवला. संमतीपत्र, स्वतःच्या अक्षरातलं. 'सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. कारण न देता कधीही माघार घेता येईल.'

सिस्टरनी तो वाचला. मग, शहाणपण आलेलं असल्यामुळे, पान उलटलं. मागे एकच प्रश्न होता. 'मंगळवार सोडून इतर दिवशीही भेटाल का? आयुष्यभर?'

त्यांनी पुढच्या बाजूचं माघारीचं वाक्य आधी खोडलं. मग मागे उत्तर लिहू लागल्या. डोळे भरल्यामुळे ओळ थोडी वाकडी जात होती.

मावशी दारातून वाकून बघत होत्या. "काय गं बाई, परत फॉर्म? माझा पण तूच भरून टाक."

"नाही मावशी," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "हा एकच आहे. आणि तो माझा आहे."