सफरचंदाच्या झाडाखालची बाबागाडी

ये गं मारेन, बस, कोट काढ. गाडी देत नाही म्हटल्यावर तुझं तोंड एवढंसं झालं ते दिसलं मला. मनात म्हणत असशील, काय चिक्कू बाई आहे, चार वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली बाबागाडी शेजारणीला देववत नाही! सासूबाईंचंही हेच म्हणणं. तुला मार्चमध्ये बाळ होणार, गाडी मोठ्या चाकांची, दणकट, कुठे गंजाचा ठिपका नाही. सगळं कबूल. कॉफी घे आणि नीट ऐक. ऐकून झाल्यावर हवी असली तर स्वतः शेडमध्ये जाऊन घेऊन जा, मी अडवणार नाही.

तुम्ही इथे राहायला यायच्या आधीची गोष्ट. माझं पोर दोन महिन्यांचं होतं. त्रोएल्स नवरा खरा, पण समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. आणि माझे पेशंट म्हणजे डुकरं नि गाई, त्यांना कुठली कळतेय बाळंतपणाची रजा! दवाखाना माझा एकटीचा. मग आम्ही ओ-पेअर ठेवायचं ठरवलं. मुलीनं आपल्याकडे राहायचं, आपल्याच ताटात जेवायचं, बाळाकडे बघायचं आणि आठवड्यातून दोनदा भाषेच्या वर्गाला जायचं. मोलकरीण नव्हे हं, घरातलीच. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा सांगायचे की शेवटी माझं मलाच हसू यायचं.

जोवेलिन फिलिपिन्सची. उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातली, तेवीस वर्षांची. अंगानं एवढीशी, पण बाळाला कमरेवर घेतलं की जन्मभर हेच करत आल्यासारखी. मी म्हटलं, "मला मॅडम नको म्हणूस, सिग्ने म्हण." ती म्हणाली, "बरं, मॅडम सिग्ने." झालं! दोन वर्षं तेच चाललं.

पहिल्याच दिवशी मी बाळाला दूध पाजलं, लोकरीत गुंडाळलं, गाडीत घातलं आणि गाडी सफरचंदाच्या झाडाखाली लावून आत आले. जोवेलिन दारातच खिळली.

"मॅडम, बाळ बाहेर राहिलं!"

"राहिलं नाही गं, झोपलंय. आमच्याकडे सगळी बाहेरच झोपतात. मीही अशीच वाढले."

"एकटं?"

"मॉनिटर आहे ना." मी गादीखालचा छोटा डबा दाखवला. त्याचा जोडीदार स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा. बाळाचा श्वाससुद्धा ऐकू यायचा त्यात.

पण बाळ उठल्यावर त्याला आणायला मी निघाले, तर माझ्या आधी पळाली. बाळाला उचललं, रिकाम्या गादीवर तीनदा थोपटलं आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हटलं. मग मागे न बघता सरळ दारात.

"काय म्हणालीस?"

"'चल रे, मागं राहू नकोस' म्हटलं. आमच्याकडे बाळाला कुठूनही उचललं की म्हणतात. अंग आपण उचलतो, मॅडम, पण बाळाचा जीव खेळत राहतो कुठेतरी. त्याला हाक मारून आणावं लागतं. जो उचलेल त्यानंच." मग जरा घुटमळून म्हणाली, "नाव घेऊन हाक मारायची असते. बाळाचं नाव काय?"

आता आली का पंचाईत! नाव ठेवलंच नव्हतं. तुला माहीत आहे, सहा महिन्यांची मुदत असते, आणि आम्ही ती पुरेपूर वापरायची ठरवली होती. सासूबाईंना सासऱ्यांचं नाव हवं होतं, त्रोएल्सला ते ऐकूनच कापरं भरायचं. सगळे नुसतं 'पिल्लू' म्हणायचे.

"पिल्लू काय, कुणाचंही असतं," जोवेलिन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची चिंता बघून मला हसू आलं. हसले मी, मारेन. मोठ्यानं हसले.

शरद सरला. पोर बाळसं धरत होतं. नोव्हेंबरात त्रोएल्सचं आणि माझं फोनवर एकदाचं एका नावावर जमलं. विगो. रविवारी तेरा डिसेंबरला चर्चमध्ये नाव ठेवायचं आणि तोवर कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. सासूबाईंना नाही, जोवेलिनला नाही. कागदावरसुद्धा लिहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी मी लवकर घरी आले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. खिडकीतल्या मॉनिटरमधून जोवेलिनचा आवाज येत होता. थोप थोप थोप. आणि मग, "जोमार, चल रे. जोमार, मागं राहू नकोस." त्यावर माझं पोर खिदळलं. ओळखीच्या हाकेला खिदळतात ना, तसं.

माझं डोकंच सणकलं. खरं सांगते, मत्सरानं. पाच महिने ज्याला आईनं नावानं हाक मारली नव्हती, त्याला ही पोरगी परस्पर नाव देऊन बसली होती आणि ते त्याला कळतही होतं!

"कोण हा जोमार?" ती आत आल्या आल्या मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "कुणी नाही, मॅडम. नुसतं नाव. बिननावाची हाक मारता येत नाही... कुणीही येतं."

"माझ्या मुलाला नाव मी ठेवणार. यापुढे हा हाका मारण्याचा खेळ बंद. कळलं?"

"मग तुम्ही ठेवा ना, मॅडम. आजच ठेवा. तुम्हीच मारा हाक."

"रविवारी," मी म्हटलं. चार दिवसांनी काय आकाश कोसळणार होतं!

दुसऱ्या दिवशी गुरुवार. जोवेलिन बसनं भाषेच्या वर्गाला गेली. मी घरीच होते. बाळ बाहेर झोपलं होतं, मी रविवारसाठी केक भाजत होते आणि खिडकीतल्या मॉनिटरमधून त्याचा श्वास येत होता. बारीक, संथ. साडेतीनला अंधारून आलं. फियॉर्डच्या पाण्यावरून धुकं चढून कुंपणापर्यंत आलं होतं, म्हणून मी गेले, त्याला झोपेतच उचललं आणि घाईघाईनं आत आणलं. हाक नाही, काही नाही. दार लावलं. त्याची टोपी काढली.

आणि मॉनिटरमधून श्वास येतच होता.

आधी मला काही वाटलं नाही. हा श्वास तर दुपारभर कानात होता. मग हातातल्या बाळाकडे बघितलं. ते जागं झालं होतं. डोळे उघडे, पण माझ्याकडे नव्हते. कुठेच नव्हते. मी त्याच्या मुठीत बोट घातलं, त्यानं धरलं नाही. छातीशी लावलं, ओठ हलले नाहीत. जनावरांची का होईना, डॉक्टर आहे मी. नाडी बघितली, ताप बघितला, छाती ऐकली. सगळं ठीक. आपत्कालीन फोनवरची नर्सही म्हणाली, "सगळं तर नॉर्मल आहे, झोपेत असेल. तासाभरात प्यायलं नाही तर घेऊन या."

बाळ मांडीवर. आणि खिडकीत तो श्वास. मध्येच एक हुंकार... झोपेत स्वप्न पडल्यावर तो काढायचा तसाच.

त्याला कवटाळून मी बाहेर पळाले. गाडीत कुणी नव्हतं. पांघरूण बाजूला केलं, गादीवर हात ठेवला. गादी ऊबदार होती. बाहेर शून्याच्या खाली दोन अंश, बाळाला उचलून अर्धा तास झालेला, आणि गादी ऊबदार.

"विगो," मी म्हटलं. "विगो, चल. विगो, आईबरोबर चल रे... मागं राहू नकोस." तीनदा थोपटलं. दहादा थोपटलं. आत येऊन बघितलं तर बाळ तसंच. मॉनिटरमध्ये श्वास तसाच. जे नाव मी त्याला एकदाही ऐकवलं नव्हतं, त्याला तो ओ कशी देणार?

सव्वाचारला जोवेलिन आली. दारातच तिनं बाळाकडे बघितलं, मग खिडकीकडे. पिशवी तिच्या हातातून गळून पडली.

"कुणी उचललं?"

"मी."

"हाक?"

मी नाही म्हणून मान हलवली. रडू आवरत नव्हतं. "तू मार. तुझं ऐकतो तो. मी चुकले, जोवी, तू मार हाक..."

"मला नाही मारता येणार. ज्यानं उचललं त्यानंच." मग अगदी हळू म्हणाली, "त्याला एकच नाव माहीत आहे, मॅडम."

पुन्हा गेले. धुक्यात झाडसुद्धा दिसत नव्हतं, हातानं चाचपत गाडी शोधली. थोपटलं. आणि माझ्या तोंडानं मी हाक मारली, "जोमार, चल रे. जोमार, मागं राहू नकोस." मागे न बघता दाराकडे निघाले. दहाबारा पावलंच होती. पण मारेन, दारापाशी पोचेपर्यंत कुशीतलं ओझं एकदम वाढलं.

उंबरठ्यावर बाळानं टाहो फोडला. असा की तीन घरं पलीकडे ऐकू जावा. जळवेसारखं छातीला लागलं. जोवेलिननं त्याचे पाय कपाळाला लावले आणि रडत, हसत स्वतःच्या भाषेत कितीतरी वेळ बोलत राहिली. मला तेव्हा नुसतं बरं वाटलं. पोर पीत होतं, आणखी काय हवं होतं!

सूप पिताना मी विचारलं, "जोमार कोण, ते आता तरी सांग."

"माझा भाऊ," ती म्हणाली. "मी अकरा वर्षांची होते, तो आठ महिन्यांचा. नदीकाठी खेळवत होते. पाऊस आला म्हणून उचलला आणि पळाले. हाक मारायची विसरले. चार दिवस त्यानं दूध घेतलं नाही."

"आणि मग?"

"मग नाही."

माझा चमचा हातातच राहिला. "जोवी... मग मी आज कुणाला बोलावलं?"

तिनं बाळाच्या ओठावरचा दुधाचा थेंब पुसला. "पितोय ना तो, मॅडम," ती म्हणाली. "पिऊ दे."

रविवारी पाद्र्यानं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "जोमार." त्रोएल्स माझ्याकडे बघतच राहिला. सासूबाई सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा पुटपुटल्या, "हे कसलं नाव, खलाशाचं?" पण मला भीती वाटत होती. दुसरं नाव घेतलं आणि पुन्हा कुणी निघून गेलं तर?

जोवेलिन दोन वर्षांपूर्वी परत गेली. विमानतळावर जोमारला सोडता सोडेना. आता तो चार वर्षांचा आहे, बघतेसच. गुणी पोर. नाव ठेवायला जागा नाही. पाण्याजवळ तेवढा जात नाही, आणि पाऊस आला की आधी घरात पळतो.

परवा दुपारी आम्ही तुझ्याकडेच यायला निघालो होतो. मी कुलूप लावत होते. हा सफरचंदाच्या झाडाखाली उभा. शेडच्या दाराकडे तोंड करून म्हणतो कसा, "विगो, चल ना. मागं राहू नकोस."

माझ्या हातून किल्ल्या पडल्या. त्रोएल्सला फोन करून विचारलं, त्यानं शपथेवर सांगितलं की ते नाव त्यानं पोरासमोर कधी उच्चारलंच नाही. मीही त्या दिवसानंतर नाही. आज पहिल्यांदा, तुझ्यासमोर.

"कोण आहे रे तो?" मी त्याला विचारलं होतं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"तो गाडीतला, आई. मी रोज बोलावतो, पण तो येत नाही. म्हणतो, ज्यानं उचललं त्यानंच हाक मारायची."

आता सांग मी काय करू? रोज साडेतीनला खिडकीशी उभी राहते. नाव अगदी ओठांवर येतं. माझं पोर तिथे थंडीत चार वर्षं माझ्या हाकेची वाट बघत असेल, या विचारानं काळीज तुटतं. पण मग मागून जोमार येतो, माझं बोट धरतो. फार घट्ट धरतो गं.

शेडची किल्ली त्या खिळ्याला आहे. गाडी बघायची तर बघ जाऊन. फक्त एक कर मारेन, गादीवर हात ठेवशील तेव्हा हातमोजा काढून ठेव. आणि गादी गार लागली, तर मला येऊन सांग. ऊबदार लागली तर काही सांगू नकोस, सरळ घरी जा.