डावीकडची सीट

"खरं सांग, माझ्यावर जळतेस ना?"

हा प्रश्न विचारायची पैज टॅम्सिनच्या वर्गातल्या मैत्रिणींनी लावली होती. "नाही विचारलंस तर तू भित्री!" म्हणून हिवाळी सुट्टीच्या पहिल्याच सकाळी, गाडीची किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत, तिनं तो थोरल्या बहिणीला विचारून टाकला.

मॉर्वेना अजून अंथरुणातच होती. "तुझ्यावर? काचेला नवशिक्याचा लाल पी लावून फिरणाऱ्या शेंबडीवर? जा गं!" असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडली.

टॅम्सिन हिरमुसली. तिला 'हो' हवं होतं. सतरा वर्षं तीच जळत आली होती. मॉर्वेनाच्या, म्हणजे घरातल्या मॉरच्या, उंचीवर, पोहण्यातल्या पदकांवर, आणि या प्रवासावरही. भर थंडीत किनाऱ्यावरच्या मूंटाहून थेट आतल्या वाळवंटातल्या कूबर पीडीपर्यंत एकटीनं गाडी हाणायची, हा बेत मॉरचाच. पण गेल्या वर्षी तिला फिट यायला लागल्या, लायसन्स गेलं, आणि तिची गाडी नि तिचा बेत दोन्ही धाकटीकडे आले.

पोर्ट ऑगस्टा मागे पडलं तशी झाडं खुजी झाली, माती लाल झाली. हीटर लावून, बेसूर गात टॅम्सिन निघाली होती. समोरून क्वचित एखादी गाडी यायची. इकडच्या रिवाजाप्रमाणे चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, तीही ऐटीत उचलायची. एवढाच रामराम.

मग एका ट्रकवाल्यानं एक बोट उचललं, तिच्या डावीकडच्या सीटकडे पाहिलं आणि दुसरंही उचललं.

पुढच्या जीपवालीनंही तेच केलं.

त्या सीटवर नुसतं जॅकेट होतं.

दुपारी मिठाच्या पांढऱ्याफटक तळ्यापाशी ती थांबली. आईनं पॅस्ट्या, खिम्याच्या मोठ्या करंज्या, बांधून दिल्या होत्या. घरच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकीच्या कोपऱ्यावर पिठाचं अक्षर. सवयीनं आईनं एकीवर टी काढला होता, दुसरीवर एम. टॅम्सिननं आपली खाल्ली आणि दुसरी त्या सीटवर ठेवली.

"घे बाई! जळत नाहीस ना? मग खा गुपचूप."

स्वतःच्याच विनोदावर ती खूष झाली. गाडी लॉक करून तळ्याच्या काठापर्यंत गेली. मीठ पायाखाली कुरकुरत होतं. वारा कान कापत होता.

परत आली तेव्हा डावीकडची काच आतून श्वासानं धुरकट झाली होती. कागदावर फक्त कोपरा उरला होता. एमचा.

मॉर अक्षराचा कोपरा कधीच खात नसे.

त्यापुढे टॅम्सिन गायली नाही.

उन्हं कलली की रस्त्यावर कांगारू येतात, म्हणून तिनं मुक्कामासाठी पहिलंच रोडहाऊस गाठलं. गल्ल्यावरच्या जाड्या बाईनं वर न बघताच विचारलं, "खोली दोघींना ना?"

"एकटीच आहे मी."

"आणि ती उंच मुलगी गं? बिचारीला थंडीत बसवून आलीस." बाईनं खिडकीतून वाकून पाहिलं. "हे बघ, सरकलीसुद्धा. आता स्टिअरिंगवर जाऊन बसलीये. पळवेल हं गाडी!"

बाई हसली. टॅम्सिन बाहेर आली.

गाडी लॉक होती. आत कुणी नव्हतं.

तिनं दार उघडलं, बसली आणि पाय पुढे केले. पेडलपर्यंत पोचेनात. सीट पार मागे सरकली होती, लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी.

फोन वाजला.

"टॅम्स," आईचा आवाज कापत होता, "मॉर उठतच नाहीये गं. सकाळपासून. मला वाटलं, रुसून झोपलीये. श्वास चालू आहे, पण हात बर्फासारखे गार. डॉक्टर निघालेत."

मागून बाबा म्हणाले, "चुऱ्याचं सांग तिला."

"हो. तिच्या ओठांना पॅस्टीचा चुरा लागलाय. घरात तर एकही नव्हती. तुला दिल्या त्या शेवटच्या."

टॅम्सिननं आरशात पाहिलं. आरसाही हलवलेला होता. त्यात तिला फक्त गाडीचं छत दिसत होतं.

सकाळी मागितलेलं 'हो' तिला मिळालं होतं.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. "मी पुढे जात नाहीये. उजाडलं की परत निघते. तिला घेऊन येते."

मग डावीकडे न बघता, जरा मोठ्यानं म्हणाली, "पण गाडी मीच चालवणार."