फोटोतला माणूस अद्रक विकतो

गारखेड्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर दुपारी एक माणूस येऊन उभा राहिला, आणि अपेक्षाच्या हातातली सिरपची बाटली निसटता निसटता राहिली.

तेच कपाळ. तेच जरासं वाकडं हसू. हनुवटीवरचा तोच तीळ... कित्येक महिने रोज मोबाइलवर पाहिलेला चेहरा समोर होता — कॅनडात नाही, इथं! मातीनं मळलेला सदरा घालून, हातात बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन.

"विहान?" ती पुटपुटली. "येणार म्हणून सांगितलं का नाही?"

त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मला म्हनता का मॅडम? मी बद्रीनाथ, पिशोरचा. आत्ताच मार्केटात अद्रक घालून आलो."

तिनं मोबाइल पुढं केला. कोट घातलेला तो, आणि खाली लिहिलेलं — विहान, कॅनडाच्या जहाजावरचा इंजिनियर.

"आयला! हा तर मीच. चुलतभावाच्या लग्नातला. कोटबी भाड्याचा हाये." तो हसणार होता, पण तिचा पांढराफटक चेहरा पाहून थांबला. "काय झालं मॅडम?"

मग सगळं बाहेर आलं. विहाननं वाढदिवसाचं पार्सल पाठवलं होतं, ते दिल्लीत कस्टमला अडकलं होतं. आजच्या आज कुणाच्या तरी खात्यावर पैसे टाकायचे होते. स्वतःचं मेडिकल टाकायसाठी जमवलेली एफडी तिनं सकाळीच मोडली होती.

"त्याला व्हिडिओ कॉल करा," बद्रीनाथ म्हणाला.

"त्याचा कॅमेरा खराब आहे... जहाजावर नेटही..." बोलता बोलता तिचेच शब्द तिला ऐकू आले.

"मग आत्ताचा फोटो मागा. कान धरलेला."

तिनं मागितला. उत्तर आलं — 'माझ्यावर विश्वास नाही का, जान?' सोबत फोटो. तोच कोट, गालात जिलेबी कोंबलेली. खाली पुन्हा तोच खात्याचा नंबर.

अपेक्षानं मान वर केली. समोर बद्रीनाथ गंभीर चेहऱ्यानं स्वतःचा कान धरून उभा होता.

तिला हसू फुटलं, आणि त्याच दमात रडू.

"मी किती वेडी..."

"चूक त्याची, तुमची नाय. लई गोड बोलत असंल."

"तुमच्याच तोंडानं बोलत होता ना!" ती डोळे पुसत म्हणाली, आणि बद्रीनाथचे कान लालबुंद झाले.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लागेपर्यंत तो हलला नाही. मग दोघं सायबर पोलिसांकडं गेले. तिनं सगळं चॅट दिलं, त्यानं फोटो चोरल्याची तक्रार दिली. संध्याकाळी तिनं आईला, आशाबाईंना, सगळं सांगितलं. आशाबाई रागावल्या नाहीत. लेकीला जवळ घेऊन एवढंच म्हणाल्या, "त्या पोराचं भलं होवो."

त्या पोराला मात्र आता वरचेवर औषधं लागू लागली.

"बाबांच्या गोळ्या संपल्या."

"परवाच तर नेल्या."

"मग... खोकल्याचं द्या."

"कुणाला झालाय खोकला?"

"होईल की कुनाला तरी."

ती हसायची, आणि तो गेला की घाबरायची. चेहरा तोच. मन पुन्हा फसत तर नाही? पण विहान चंद्र-ताऱ्यांचं बोलायचा, बद्रीनाथ बोलायचा अद्रकीच्या कंदकुजीचं, फाटलेल्या पाइपाचं, चुकलेल्या एसटीचं. हळूहळू तिला तो चेहरा पाहून विहान आठवेनासाच झाला.

"एक बोलू?" एका दुपारी तो काउंटरची काच बोटानं पुसत म्हणाला. "मला तसलं गोड बोलायला येत नाय. पन तुम्ही... आवडता मला."

अपेक्षाचं बिल लिहिणं थांबलं.

"आत्ता उत्तर नका देऊ. आईला घेऊन पिशोरला या. कुनालाबी इचारा माझ्याबद्दल. ज्याच्याशी भांडन हाये, त्यालाबी इचारा."

त्या रविवारी मायलेकी गेल्या. आशाबाईंनी अर्ध्या गावाला विचारलं. बांधावरून अबोला धरलेले शेजारी कचरूकाका आधी तोंड फिरवून बसले. मग म्हणाले, "भांडखोर हाये. पन खोटं नाय बोलत."

अद्रकीच्या वाफ्यांपाशी बद्रीनाथ पाइप जोडत होता. तिला पाहून हात झटकत उठला.

"दोन गोष्टी सांगायला आलेय," ती म्हणाली. "पहिली... तुमचे आभार मानायचे राहिलेत. त्या दुपारी तुम्ही आला नसता तर —"

"आवो, मी गोळ्या न्यायला आलतो." तो संकोचला. "आन् दुसरी?"

अपेक्षानं त्याचा चिखलानं भरलेला हात हातात घेतला.

"दुसरी... हो."