फळी वाळू नये म्हणून

शिवणीच्या झाडाच्या आडव्या पडलेल्या खोडाला कान लावून एक माणूस उकिडवा बसला होता. बोटाच्या पेराने खोडावर टकटक करायचा, ऐकायचा, हातभर पुढे सरकायचा... पुन्हा टकटक.

रीता मोहफुलांची टोपली कमरेवर घेऊन बांधावरून येत होती. फाल्गुनातली सकाळ. मोहाच्या गोड वासाने हवा जड झालेली. ती थांबली, आणि तिला राहवलं नाही.

"अंदर कोणी आहे का?"

तो दचकून उठला. कानाला सालीचा भुसा चिकटला होता.

"आहे. पण जवाब नाई देऊन राह्यलं."

"हळू बोला जरा. झाड आमचं आहे, लाजते."

"झाड लाजते... मालकीण तर नाई लाजत."

रीताने टोपली एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली. उत्तर ओठावर आलं होतं, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते तिथेच राहिलं. तो तिच्याशी बोलत होता खरा, पण त्याचे डोळे अजून खोडाचंच ऐकत होते. माणूस इतकं मन लावून ऐकतो, हे तिने फक्त कीर्तनात पाहिलं होतं.

त्याचं नाव प्रफुल. गाव सिंदेवाही, पण कामाला नागपूरला, मुखरू मिस्त्रींच्या दुकानात. मिस्त्री बाजाच्या पेट्या आणि पियानो दुरुस्त करत. चांद्याच्या एका अंध मुलांच्या शाळेला कोणी जुना पियानो दान दिला होता. त्याच्या आतली मोठी फळी उभी चिरली होती. नव्या फळीसाठी लाकूड शोधत प्रफुल पोंभुर्ण्याच्या आरागिरणीत आला, तर गिरणीवाला म्हणाला, माघातल्या वादळात लटारूभाऊच्या बांधावरची शिवण पडली, ते पाहा.

लटारूभाऊ म्हणजे रीताचे वडील. धान पिकवायचे आणि कीर्तन करायचे, दोन्हींत सारखाच जीव. रीता त्यांच्या मागे पेटीवर बसायची.

ओसरीवर चहा झाला. लटारूभाऊंनी विचारलं, "सागवान काऊन नाई घेत बापू? आपल्या इकडं सागवानाले का तोटा आहे?"

"सागवान मजबूत आहे भाऊ, पण जड. आवाज खाऊन टाकते. प्लायवूड तर मुकंच. खरं तर परदेशी लाकूड लागते त्याले, ते आपल्या हाती नाई. शिवण हलकी, सरळ रेघांची... नीट वाळली तर गाते."

"अन् तारा असतात म्हणता न त्याच्यात? मग फळी कायले?"

प्रफुल जरा विचारात पडला. "भाऊ, कीर्तनात तुमी एकटेच म्हणता का?"

"एकटा कसा म्हणीन? मागं झील धरणारे पाहिजे न."

"तार म्हणजे बुवा. अन् फळी म्हणजे मागची सारी मंडळी. नुसती तार या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नाई जात. फळीनं झील धरली, की सभा भरते."

लटारूभाऊंच्या कपातला चहा निवत गेला. त्या शिवणीचा त्यांना रीताच्या लग्नात पलंग करायचा होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "घेऊन जा. आंधळ्या लेकरांच्या कानी पडंल, त्याच्याहून चांगला उपयोग कोणता?"

परवानगीचे कागद झाले, गिरणीत फळ्या कापून झाल्या. पण वाळवायच्या कुठे? फळ्या सावलीत, हळूहळू वाळायला हव्या. "नागपूरच्या खोलीत तर मीच मावत नाई," प्रफुल म्हणाला. तेव्हा रीताच्या आईने, मनकर्णाबाईने, चुलीवरच्या माळ्याकडे बोट दाखवलं. "इथी ठेवा. धूर लागते, कीड नाई लागणार."

आणि मग तो दर महिन्याला येऊ लागला.

पिशवीत ताणकाटा असायचा. शिडीवर चढून तो एकेक फळी उतरवायचा, आकड्याला टांगायचा, खडूने वजन फळीच्या कडेला लिहायचा. खाली शिडी धरायला रीता.

"बारीक झाली बिचारी," ती म्हणायची. "कोणाची आठवण काढून राह्यली?"

"पाण्याची. पाणी सोडून चाललं न तिले."

"अन् सारं पाणी गेलं की?"

"मग वजन उतरायचं थांबते. मग फळी बोलते." तो खाली पाहून हसला. "अन् मग मी तुमचा माळा मोकळा करतो. तुमचा तरास संपला."

"लय तरास आहे खरं," रीता म्हणाली. "शिडी धरू धरू हात दुखते."

"मग सोडा."

"अन् तुमी पडले तर?"

"पडलो तर... इथीच राहीन काही दिवस."

तिने शिडी सोडली नाही. उलट घट्ट धरली.

तो गेल्यावर संध्याकाळी भाकरी थापताना तिचं लक्ष वर गेलं. माळ्यावर फळ्या शांत पडून होत्या. एकावर एक, मध्ये पट्ट्या घालून, वारा फिरावा म्हणून. तिच्या मनात आलं, या रोज थोड्या वाळतात. म्हणजे रोज थोडा तो दूर जातो. आपलीच चूल त्याला घालवून देते आहे... आणि आपणच तिच्यात लाकडं सारतो आहोत.

प्रफुलच्या मनातलं मात्र त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. मुखरू मिस्त्रींचे हात आता कापायचे. ते म्हणाले होते, कार्तिकापर्यंत हा पियानो तू एकट्याने उभा केलास तर दुकान तुझं; नाहीतर जावई मागतो आहे, त्याला देतो. दुकान हाती आलं की लटारूभाऊंच्या ओसरीवर बसायचं आणि रीताला मागणी घालायची, एवढंच त्याने ठरवलं होतं. आधी मोठं बोलावं आणि मग काही होऊ नये, याची त्याला भीती होती. गरीब घरच्या मुलांना ही भीती लहानपणापासून असते.

आषाढ गेला. श्रावणात पुन्हा वजन उतरलं. प्रफुलने फळीवर टकटक केलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ऐका," तो म्हणाला. रीताने कान लावला. फळीच्या त्या बाजूला त्याचाही कान होता. आतून काहीतरी गोल, लांब घुमलं.

"अजून दोन महिने," तो हलकेच म्हणाला. "लवकर वाळून राह्यली."

त्याच्या आवाजात एवढा आनंद होता, की रीताने कान फळीवरून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी आईबाबा निंदणीला गेल्यावर तिने फडकं भिजवलं. शिडी चढली. एकेक फळी दोन्ही अंगांनी पुसून काढली, लेकराला न्हाऊ घालावं तशी. खाली उतरली तर देवघरातला विठोबा कमरेवर हात ठेवून पाहत होता.

"पाहून राह्यला न? पाह्य. पण सांगू नको कोणाले. थोडं पाणी तर आहे."

मग ते रोजचंच झालं. आरती झाली की फडकं.

भाद्रपदात ताणकाट्याचा काटा पुढे सरकला. प्रफुलने काटा झटकून पाहिला. "वजन वाढलं... असं कसं?"

"हवा ओली आहे न," रीता म्हणाली.

"हो. तेच असंल."

आश्विनात तो कीर्तनाला थांबला, टाळ धरून मागच्या रांगेत. लटारूभाऊ गात होते, रीता पेटीवर, आणि एका जागी भाऊ सूर सोडून क्षणभर थांबले, तेव्हा तिने वर पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता. तिची बोटं पट्टीवर तशीच दाबलेली राहिली. भाऊंनी मागे न वळता म्हटलं, "पोरी, पुढं चाल." मंडळी हसली. लटारूभाऊ पण हसले, जरा जास्तच.

कार्तिकात प्रफुल आला तेव्हा वाळून गेलेला होता. फळी नव्हे, तो. गालफडं वर आलेली, बोलणं कमी. त्याने पहिली फळी उतरवली आणि ओसरीच्या उजेडात नेली. रेघांमधून निळसर बुरशी पसरली होती. फळीला पीळ पडला होता. त्याने टकटक केलं.

ठप.

दुसरी फळी. ठप. तिसरी... तो फळी मांडीवर घेऊन बसूनच राहिला. रीताला विचारायचं होतं, काय झालं? पण त्याच्या तोंडाकडे पाहून ती दारातच थांबली. पाणी लावल्याने फळी हळू वाळेल, एवढंच तिला ठाऊक होतं. ती मरेल, हे माहीत नव्हतं.

"जातो," तो म्हणाला. चहालाही थांबला नाही. त्या दिवसापासून फडकं कोरडं राहिलं, पण आता त्याला अर्थ नव्हता.

मार्गशीर्षात तो आला नाही. गोंडपिपरीहून मात्र रीताला पाहायला पाहुणे आले. अंकुश नावाचा शिक्षक, सोबत त्याची म्हातारी आई. माणसं साधी. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी लटारूभाऊ रीताजवळ बसले होते. "तो पियानोवाला काही बोलंल असं वाटलं होतं मले. कार्तिकापर्यंत वाट पाह्यली. बोलला नाई पोरी. तुले काही बोलला का?"

"नाई, बाबा."

"मग तुह्या मनात काय आहे?"

काय सांगणार होती ती? ज्याने मागितलंच नाही, त्याचं नाव कसं घ्यायचं? आणि ज्याचं लाकूड आपण नासवलं, त्याचं नाव कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी म्हातारीने आपल्या हातातली चांदीची पाटली काढून रीताच्या हातात घातली आणि तो हात सोडेचना. "बाई, माह्या घरी आवाज नाई कोणाचा," ती म्हणाली. "तू पेटी घेऊनच ये." रीताने मान हलवली. नारळ स्वीकारला गेला.

पौषात गावात सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, दुपारी. सारं गाव मंदिरात. रीता पेटी न्यायला घरी आली, तर ओसरीवर प्रफुल. पायाशी सगळ्या फळ्या उतरवून ठेवलेल्या.

"दार उघडंच होतं," तो म्हणाला. "माळा मोकळा केला. यापुढं तरास नाई."

"शाळेचा पियानो?"

"दुसऱ्यानं प्लायवूड बसवलं. वाजते म्हणतात." तो हसला, पण ते हसू कुठेच पोचलं नाही. "माहीच निवड चुकली. शिवण वाळते असं मीच म्हणलं होतं. मिस्त्री म्हणाले, तुले लाकूड कळत नाई बापू."

हे मात्र रीताला ऐकवलं नाही. ती खांबाला टेकली.

"तुमची निवड नाई चुकली. मी पाणी लावत होती. रोज."

मंदिरातून टाळ ऐकू येत होते. प्रफुल तिच्याकडे पाहत राहिला.

"काऊन?"

"वाळलं असतं तर तुमी आले नसते."

प्रफुलने एक फळी उचलली, बुरशीवरून अंगठा फिरवला, अगदी हळू.

"वाळलं असतं," तो म्हणाला, "तर मी भाऊजवळ तुमाले मांगाले आलो असतो. दुकान भेटणार होतं मले. त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो."

रीता खाली बसली. रडायला यायला हवं होतं. आलं नाही. दोघं फळ्यांच्या दोन बाजूंना बसून होते.

"एक शब्द बोलले असते..." ती म्हणाली.

"तुमी एक शब्द बोलल्या असत्या, तर मी बिना लाकडाचाच आलो असतो दर महिन्याले."

मग त्याची नजर तिच्या हातातल्या पाटलीवर गेली. तिने हात पदराआड नेला, आणि पुन्हा बाहेर काढला. लपवून काय होणार होतं?

"गोंडपिपरीचे आहेत. चांगले आहेत लोकं. म्हातारीनं स्वतःच्या हातातली काढून देली. मी मान हलवली... मले कोणी जबरदस्ती नाई केली."

"परत करता येते," प्रफुल म्हणाला. लगेच खाली पाहिलं. "येते का?"

रीता बोलली तेव्हा तिचा आवाज स्वच्छ होता. "एकाचं लाकूड नासवलं मी, त्याच्या जिवाचा विचार न करता. आता त्या म्हातारीचा जीव नासवू? मग मी कुठी बसून देवाचं नाव घेऊ?"

त्याने मान हलवली. वाद घातला नाही. घातला असता तर कदाचित ती हरली असती, आणि ते त्यालाही कळत होतं.

"परवा हैदराबादले चाललो. तिथी एका दुकानात काम आहे. लाकूड भट्टीत वाळवते तिथी. आठ दिवसात कोरडं."

"म्हणजे कोणाले पाणी लावता येत नाई."

"नाई. अन् तिथी लावणारंबी कोणी नाई."

दोघांनाही हसू आलं. आणि त्या हसण्यातच रीताचे डोळे भरले.

"पेटी उचला," ती उठत म्हणाली. "बाबा वाट पाहत असंल."

त्याने पेटी उचलली. ती पुढे, तो मागे, असे ते मंदिरात गेले. लटारूभाऊंनी दोघांना येताना पाहिलं. एक क्षण त्यांचा सूर हलला. मग त्यांनी डोळे मिटले आणि श्रीकृष्ण वनात सवंगड्यांसोबत शिदोरी सोडतो तो प्रसंग लावला. सारे आपापलं आणतात, कोणाची शिळी भाकर, कोणाचं दही, आणि देव ते सगळं एकत्र कालवतो. कोणाचं कोणतं, कोणी विचारत नाही. लटारूभाऊ हे सांगताना नेहमी रडत. त्या दिवशी सभाही रडली. त्यात रीता कशासाठी रडते, हे कोणाला वेगळं दिसलं नाही.

हंडी फुटली. दहीलाह्या परातीत आल्या. आणि मग काल्याची रीत सुरू झाली. जो तो शेजाऱ्याच्या तोंडात घास घालू लागला. सुनेने सासूला, भांडलेल्या भावाने भावाला. लहानमोठा, उष्टंखरकटं काही पाहायचं नाही, कोणी कोणाला नाही म्हणायचं नाही.

गर्दीने ढकलत प्रफुल पेटीपाशी आला. त्याच्या हातात घास होता. रीताने मान वर केली आणि तोंड उघडलं. त्याची बोटं तिच्या ओठांना लागली, थंड, दह्याने ओली. मग तिने परातीतून मूठ भरली आणि त्याला भरवलं.

आजूबाजूला सारं गाव होतं. मनकर्णाबाई होती. लटारूभाऊ वीणा छातीशी धरून उभे होते. सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

"येतो," प्रफुल म्हणाला.

"या," रीता म्हणाली. पुढचा घास मागायला एक म्हातारी तिच्यासमोर तोंड उघडून बसली होती. तिने परातीत हात घातला.