न प्यायलेली कॉफी

एक डाळिंब घरंगळत आलं आणि नवारच्या भेंडीच्या टोपलीला टेकलं. तिने वर पाहिलं. समोरच्या रांगेतला, कालव्यापलीकडच्या गावचा सरमद मधली वाट ओलांडून उभा होता. दोन्ही गावांत वैर पेरून गेलेल्या लढाईनंतर दियाला नदीच्या काठी शुक्रवारचा बाजार पुन्हा भरू लागला होता. पण ती समोरासमोर बसत आणि ती वाट सहसा कोणी ओलांडत नसे.

"तुमचं फळ फार आगाऊ दिसतंय," ती म्हणाली.

"त्याला कुठे ठाऊक, कालवा कुठे आहे ते..."

नवारचे वडील हाज खलफ यांनी कडू कॉफी ओतली. "आलाच आहेस तर पी, पोरा." सरमदने पेला घेतला, वास घेतला... आणि तसाच खाली ठेवून गेला.

पुढच्या शुक्रवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. भेंडी कोवळी आहे का, असं विचारत तो यायचा — नजर भेंडीवर नसायची — आणि पेला भरलेलाच राहायचा. शेजारचे कुजबुजू लागले, "पलीकडचे ते. आपल्या हातचं कशाला पितील!" नवारला त्याची वाट पाहायची सवय लागली होती, म्हणून ते जास्त झोंबलं.

वडील नमाजाला गेल्यावर तिने त्याला गाठलंच. "आमच्या कॉफीत विष असतं का हो?"

"छे! तिचा वास घरापर्यंत सोबत येतो."

"मग घोडं कुठे अडतं?"

"मागणी घालायला आलेला माणूस आधीच कॉफी प्यायला, तर..." त्याचे कान लाल झाले. "मग मागणार कसा?"

नवारच्या हातातली भेंडी मोडली. होकार मिळेपर्यंत पेला ओठांना लावायचा नाही, हे तर गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं!

"आणि मला विचारायचं कोणी?"

"आत्ता तेच तर करतोय."

"गार कॉफी फार कडू लागते," टोपली सारखी करत ती पुटपुटली. "घरच्या थोरांना लवकर आणा."

पुढच्या शुक्रवारी सरमदचे आजोबा त्याला आणि दोन वडीलधाऱ्यांना घेऊन वाट ओलांडून आले. पेले भरले गेले, तसेच खाली ठेवले गेले. हाज खलफ दाढी कुरवाळत राहिले. त्या लढाईत त्यांचा भाऊ गेला होता. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

"पी रे बाबा," ते म्हणाले. "किती शुक्रवार माझी कॉफी वाया घालवशील?"

सरमदने घाईघाईने पेला रिकामा केला. जीभ पोळली, तरी हसत राहिला.

"अहो, आमच्याकडेही येऊ द्या की थोडी!" समोरच्या रांगेतून कुणी ओरडलं.

नवारने किटली उचलली आणि पहिल्यांदाच ती वाट ओलांडली.