चौदाव्या फासळीचा रिव्हेट

पहिल्याच रिव्हेटला आतून तीन टकटक आल्या, आणि मी मनात म्हटलं, कोण हा शहाणा?

खरं तर मी सरोवराकाठच्या त्या विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये फक्त अॅल्युमिनियमचे पत्रे पोचवायला गेले होते. सरोवराच्या पलीकडच्या काठावर आमच्या कारखान्यात मासेमारीच्या छोट्या होड्या बनतात. पत्रे आणि ते जोडणारे धातूचे खिळे, म्हणजे रिव्हेट, यांतच माझी नऊ वर्षं गेलीत. पत्रे उतरवले आणि पावसानं असं झोडपायला घेतलं की गाडीपर्यंत जायची सोय नाही. शेडचा मुख्य मिस्त्री आणि पायलट, दोन्ही एकच – नेव्ह – माझ्या कानाशी येऊन ओरडला, "पोरी, रिव्हेटची गन धरता येते का? माझा माणूस मनगट मोडून घरी बसलाय!"

"डोळे मिटून धरते!" मीही ओरडले.

समोर डॉटी उभी होती. महायुद्धातली उडती बोट, पाण्यावरून आणि चाकांवर धावपट्टीवरूनही उडणारं, पाण्यावर उतरणारं विमान. ऐंशी वर्षांची म्हातारी, अंगावरचे अर्धे पत्रे काढलेली... आणि तरी काय रुबाब!

मी बाहेरून गन चालवायची, आणि पोटात बसलेल्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. रिव्हेट नीट बसला की नाही ते आतल्यालाच दिसतं. म्हणून तो पत्र्यावर टकटक करून सांगतो: एक म्हणजे आणखी मार, दोन म्हणजे झकास, तीन म्हणजे काढून टाक, पुन्हा कर. पत्र्याच्या छपरावर पाऊस कडाडत असताना दुसरी भाषा चाललीच नसती. आणि मला आल्या तीन. मग पुन्हा तीन. मग आणखी तीन! माझा पारा चढला.

पाऊस थांबला तसा वरच्या झडपेतून एक डोकं बाहेर आलं. केसांत धातूचा चुरा, आणि डोळ्यांत – जाऊ दे, डोळ्यांबद्दल बोलायलाच नको.

"तो तीन-तीनवाला तूच का?"

"लॅकी," तो म्हणाला. "आणि कुटणारी तू? बाई, रिव्हेट आहे तो. त्यानं तुझं काय बिघडवलंय?"

"मी ब्रॉन. आणि आमच्या कारखान्यात माझ्या रिव्हेटला कुणी नाव ठेवत नाही."

"तुमच्या होड्या उडत नाहीत ना..."

मी फणकाऱ्यानं गाडीत बसले. पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता पुन्हा शेडच्या दारात हजर! का ते विचारू नका.

चहाबरोबर लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेटचा केक, खाताना नेव्हनं खरी गोष्ट सांगितली. नोव्हेंबरच्या विमानांच्या जत्रेत डॉटी सरोवरावर उतरली तर ती इथंच राहणार. नाही उतरली, तर तिचा मालक असलेला विमानांचा क्लब तिला परदेशातल्या संग्रहालयाला देऊन टाकणार. "छताला तारांनी टांगणार तिला," नेव्ह म्हणाला आणि त्यानं हातातला केक तसाच खाली ठेवला.

"टांगतात कसे तेच बघते!" मी म्हटलं. त्या दिवसापासून ती माझीही झाली.

सगळा हिवाळा – आमच्या दक्षिण गोलार्धात तो जून ते ऑगस्ट – मी बाहेर आणि लॅकी आत. चेहरा दिसायचा नाही, पण हळूहळू मला त्याच्या टकटकीतून कळायला लागलं – आज खुशीत आहे, आज उपाशी आहे, आज उगाचच लाडात आलाय. दोन टकटक आल्या की मी एकटीच हसायचे. नेव्ह म्हणायचा, "पत्र्याकडे बघून हसणारी पोरगी पहिल्यांदाच पाहतोय."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी माझा उजवा हात सुजला होता. कारखान्यात दारात सापडला होता. मी कुणाला बोलले नाही, पण चहाचा कप घेताना लॅकीची नजर हातावर थांबली. त्या दुपारी डॉटीच्या सांगाड्याच्या चौदाव्या फासळीवर एक रिव्हेट मारला. आतून काहीच आलं नाही... मी वाट बघत राहिले... आणि मग आल्या, दोन. त्या दिवशी पुढच्या सगळ्यांनाही दोन-दोन मिळाल्या. मला वाटलं, दुखऱ्या हातानंही काय काम केलं मी!

जत्रेला बारा दिवस उरले तेव्हा पाण्याची परीक्षा झाली. पाणी आत शिरेल की नाही ते बघायला आम्ही उलटं करतो: बोटीच्या पोटात पाणी भरतो आणि बाहेरून बघतो, कुठं गळतंय. मी बॅटरी घेऊन खाली झोपले. पहिली फासळी कोरडी, सातवी कोरडी, बारावी, तेरावी... आणि चौदावीवर एक थेंब. फुगला, लोंबला, माझ्या कपाळावर पडला.

तो रिव्हेट मी लगेच ओळखला. तळपायाची आग मस्तकात गेली.

"लॅकी! हा वाईट होता. तुला माहीत होतं!"

तो खालमानेनं उभा राहिला. "तुझा हात सुजला होता, ब्रॉन. तो काढून पुन्हा मारायला तुला... मला बघवलं नसतं. वाटलं, चालून जाईल."

"दया आली माझी?"

"दया नाही गं," तो हळूच म्हणाला. "दया असती तर सोपं होतं."

मला कळलं त्याला काय म्हणायचंय. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी विरघळले असते. पण त्या थेंबापायी डॉटी छताला टांगली जाणार होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं.

"ऐक. जगात सगळे मला गोड बोलतील. जिथं तीन द्यायच्या तिथं मला तुझ्याकडून तीनच हव्यात. नाहीतर तुझ्या दोनला किंमत काय?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशीचे किती आहेत?"

"त्रेसष्ट. पण खोटा एकच होता, शपथ!"

"असेल. पण माझा विश्वास उडालाय. त्रेसष्टच्या त्रेसष्ट काढायचे. चल, आत शिर."

नेव्हनं कपाळाला हात लावला. मी ड्रिल उचललं. नऊ दिवस कारखाना सुटला की थेट शेड, ते काळोख पडेपर्यंत. लॅकीनं मला सात वेळा तीन टकटक दिल्या. सातही वेळा मी दातओठ खाल्ले, रिव्हेट काढला, पुन्हा मारला. आणि खरं सांगू? प्रत्येक तीनला तो मला जरा जास्तच आवडत गेला. दहाव्या दिवशी पुन्हा पाणी भरलं. एक थेंब नाही!

जत्रेच्या दिवशी काठावर सॉसेजचा धूर, माणसंच माणसं. डॉटी धावपट्टीवरून उडाली आणि दोन घिरट्या घालून नेव्हनं तिला पाण्याकडे वळवलं. मी पोटात, चौदाव्या फासळीपाशी उकिडवी, बॅटरी रोखून. पाणी खालून असं धडाडलं की वाटलं, संपलं सगळं. मग वेग मंदावला. इंजिनं थांबली. मी फासळीवरून बोट फिरवलं.

कोरडं. ठणठणीत कोरडं!

लॅकी रबरी होडीत उतरून बाहेरून तोच भाग तपासत होता. मधे फक्त पत्रा. आज मी आत होते आणि तो बाहेर. उघड्या खिडकीतून त्याचा आवाज आला.

"ब्रॉन... तू म्हणजे... एकंदरीत... कामाला बरी आहेस."

मी पत्र्यावर टकटक केली. तीन.

बाहेर एक पेलिकन पंख फडफडवत गेला.

"बरं, बरं! मला तू आवडतेस."

एक. आणखी मार.

"मला तू आवडतेस!" तो एवढ्यानं ओरडला की काठावरची माणसं वळून बघायला लागली. "पहिल्या तीनपासून! आणि जन्मभर तुला खोट्या दोन देणार नाही!"

"अगं, उत्तर दे त्याला!" नेव्ह पुढून खेकसला. "पोरगा उन्हात भाजतोय!"

मी मूठ वळली. ऑगस्टमध्ये तो किती वेळ थांबला होता, ते मला आठवलं. मी मुळीच थांबले नाही. दिल्या दोन.