कोरडं बोट

आमची बेबी, म्हणजे माझी बायको, वय साठ. तिनं मला किडनी दिली तेव्हापासून बाभुळगावात तिचं वजन वाढलं आणि माझं घटलं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार होती सुईबद्दल. डाव्या हातात डायलिसिससाठी जोडून फुगवलेली शीर, फिस्टुला, त्याला कोणी हात लावायचा नाही. सगळा मार उजव्यावर. नवी किडनी टिकवणाऱ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण पाहायला दर महिन्याला नागपूर, आणि तिथं शीर सापडेपर्यंत खोदकाम.

मग डॉक्टरांनी कार्ड दिलं. सकाळच्या गोळीआधी घरीच बोट टोचायचं, छापलेल्या गोलांत थेंब पाडायचे, वाळवून पोस्टानं पाठवायचं. नागपूर सुटलं म्हणून मी पेढे वाटले.

पहिल्या सकाळी अंगणात बोट टोचलं. रक्त आलं नाही. दाबलं, हात झटकला, कोमट पाण्यात धरला. कोरडंच. दुसरं बोट टोचलं.

"मले काहून टोचून राह्यले जी?" बेबी चुलीपासून ओरडली.

"तुले हात तरी लावला काय म्या?"

"मंग हे काय हाय?" तिच्या बोटातून रक्त गळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. "आता निघालंच हाय तं कायले वाया घालवता?" आणि सगळे गोल भरून टाकले. सांडलेलं पीठही सुपात भरून घेणारी बाई ती.

अहवाल आला : गोळीचं प्रमाण अगदी योग्य.

बेबी डोकेदुखीचीही गोळी घेत नाही.

पुढचे महिने असेच गेले. अहवाल उत्तम, तब्येत उत्तम. सुखासुखी चौकशी कोण ओढवून घेईल? पण डॉक्टरांचा फोन आला : दोन्ही पद्धती ताडून पाहायच्या आहेत, शिरेतलं रक्त द्या.

"नाई देत," मी म्हटलं.

"मग गोळी अंदाजानं ठरवू का? किडनी जाईल."

बेबीनं ऐकलं. "माही किडनी जाईन? चला."

नागपुरात लॅबमधल्या राखी नावाच्या मुलीनं माझ्या दंडाला पट्टा आवळला, सुई घातली. नळी रिकामी. दुसरी जागा. रिकामी.

बेबीनं बाही वर केली. कोपराच्या आत दोन निळे डाग उमटत होते.

राखीनं माझं मनगट धरलं. बराच वेळ धरलं.

"काका, नाडी..."

"तठी नाई. अठी पाय, पोरी." बेबीनं आपला हात पुढं केला. "मी हाय तोवर ह्याईले कोनी नेत नाई."

राखी तिचं मनगट धरून ओठ हलवत मोजू लागली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

मी वाकून राखीच्या बोटांशेजारी माझी बोटं ठेवली.

दोन ठोके होते. एक बेबीचा, ठणठणीत. दुसरा त्याच्या मागून, जरा दमत, येत होता.